पेट्रोल चढत नाही: १९४३ च्या विलिस जीपला प्रायमर पंप बसवण्याचं प्रकरण

"महिन्यात चौथ्यांदा बॅटरी चार्जिंगला टाकली," आप्पा फोनवर म्हणाले. "आता तूच येऊन सांग, जीप विकू की बॅटरीवाल्याला दत्तक घेऊ?"

जीप विकण्याचा प्रश्नच नव्हता. १९४३ ची विलिस एमबी. युद्ध संपल्यावर आप्पांच्या वडिलांनी लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेली, तेव्हापासून घरातच आहे. शिवाजी पार्कजवळ त्यांच्या इमारतीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली ती उभी असते आणि सोसायटीच्या दर सभेत तिच्यावरून एकदा तरी वाजतं. इंजिन मूळचं, 'गो डेव्हिल' म्हणतात ते: चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, २,१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. वायरिंग सहा व्होल्टचं. आजूबाजूच्या बऱ्याच जीप बारा व्होल्टच्या झाल्या, आप्पांनी आपल्या जीपला कुणाला हात लावू दिला नाही. प्रकरणातला निम्मा पेच इथेच आहे.

मुंबईत अशी गाडी निभावता येते त्याला कारण महिंद्रा. त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिस जीप जोडायला घेतल्या आणि त्याच घराण्यातल्या पेट्रोल जीप पुढे वर्षानुवर्षं इथे बनत राहिल्या. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे आजही काही ना काही हाती लागतं. ते बरोबरच असेल असं नाही. हे पुढे येईलच.

तक्रार अशी. रोज चालवली तर पायाखालचं बटण दाबताच गाडी चालू. आठ-दहा दिवस उभी राहिली की पेट्रोल चढायचंच नाही. सेल्फ मारत राहायचं, बॅटरी दमत जायची, शेवटी वॉचमन आणि दूधवाला मिळून धक्का. आणि जीप उभीच जास्त राहते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले. नंबरात 'व्हीए' येणारी पाटी मिळते, पण गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. आप्पांनी ती नोंदणी घेतल्यापासून जीप महिन्यातून दोनदा बाहेर निघते, म्हणजे आजाराला पोषक असंच सगळं. त्यात हॉर्निमन सर्कलहून निघणारी विंटेज गाड्यांची रॅली दोन महिन्यांवर आली होती. मागच्या वर्षी तिथे सगळ्यांसमोर धक्का मारावा लागला, ते आप्पांच्या मनात सलत होतं.

शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. "प्रायमर लगा दो आप्पा, झंझट खतम." प्रायमर म्हणजे सेल्फ मारण्याआधी पेट्रोल वर चढवून ठेवणारा छोटा पंप. आप्पांनाही ते पटलं होतं. मला बोलावलं होतं ते फक्त बसवायला.

पेट्रोल आहे कुठे?

बसवण्याआधी मला एवढंच बघायचं होतं की पेट्रोल नेमकं कुठून नाहीसं होतंय. आप्पांना बजावलं, आठ दिवस गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही, पण रोज फोन करून लावला नसल्याचं सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी कार्ब्युरेटरच्या तोंडावरचा एअर क्लीनरचा पाईप सोडवला, टॉर्च मारला आणि हाताने थ्रॉटल उघडला. हा कार्टर डब्ल्यूओ कार्ब्युरेटर. त्याच्या पोटात पेट्रोल साठवणारं छोटं भांडं असतं. भांड्यात पेट्रोल असेल तर थ्रॉटल उघडताच ॲक्सिलरेटर पंपाच्या जेटमधून केसाएवढी बारीक चिळकांडी उडते. उडाली नाही. आतून नुसता कोरडा 'फुस्' आवाज आला. भांडं रिकामं.

भांडं रिकामं होण्यात नवल नाही. साइड व्हॉल्व्ह इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, आणि कार्ब्युरेटर बसलेला थेट तापल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांच्या, डोक्यावर. इंजिन बंद केलं की येणारं थंड पेट्रोल थांबतं, खालची धग मात्र वर चढत राहते. निम्मंअधिक पेट्रोल तिथेच उडतं, उरलेलं आठवडाभरात. कार्ब्युरेटर आतून हवेला उघडाच असतो, त्याला झाकण ते काय.

मग भांड्यात हाताने पेट्रोल घातलं. फार लागत नाही, अर्धा कटिंग मावेल एवढंच. बटण दाबलं, पहिल्याच फटक्यात चालू. आप्पा टाळी देणार तेवढ्यात वीसेक सेकंदांनी जीप खोकली आणि बंद पडली. परत भरलं, परत तेच. तिसऱ्या खेपेला तिने धरलं.

यातून दोन गोष्टी कळल्या. स्पार्क आणि कॉम्प्रेशनची काही तक्रार नाही. आणि भांड्याबरोबर टाकीपासून येणारी नळीसुद्धा रिकामी होती. भांड्यातलं पेट्रोल वर हवेत जात होतं आणि नळीतलं मागे टाकीत उतरत होतं. पहिल्याला इलाज नाही. दुसरं होत असेल तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा व्हॉल्व्ह धरत नाही किंवा कुठल्या तरी जोडातून हवा शिरते.

सहा व्होल्ट इथे आड येतात. सेल्फवर हे इंजिन मिनिटाला जेमतेम शंभर फेरे घेतं. पेट्रोल पंप चालतो निम्म्या वेगाने फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर, म्हणजे त्याच्या वाट्याला मिनिटाला पन्नास ठोके. एवढ्यावर त्याने सगळी नळी, बोनेटखालचा फिल्टर, स्वतःचं पोट आणि वर कार्ब्युरेटरचं भांडं भरायचं. तोवर बॅटरी बसते, फेरे आणखी मंदावतात, स्पार्क देणाऱ्या कॉइलला व्होल्टेज कमी पडतं. शेवटी पेट्रोल पोचतं तेव्हा स्पार्कमध्ये दम उरलेला नसतो.

पंप उतरवला. इनलेटवर अंगठा दाबून दांडी हलवली. चांगला पंप असेल तर अंगठा चिकटल्यासारखा ओढून धरतो. याने दोन सेकंदांत सोडून दिला. उघडून पाहिलं तर डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पडदा, भाजलेल्या पापडासारखा कडक झालेला आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर हिरवट कीट. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते पाणी ओढून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओढायला पाण्याची कमी नसते. इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रामचं किट टाकलं, बैठक घासून घेतली. पुढच्या आठ दिवसांनी घड्याळ लावून पाहिलं. आधी चाळीस सेकंद सेल्फ मारावा लागे, आता वीस. सुधारणा झाली, पण सहा व्होल्टच्या बॅटरीला वीस सेकंदही जास्तच.

म्हणजे प्रायमर हवाच होता. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

कुठला प्रायमर?

चाचांच्या डोळ्यांपुढे होता तो डिझेलचा हँड प्रायमर, ट्रकच्या फीड पंपावर असतो तो, गोल मुठीचा. डिझेलवाल्यांचा हात त्यावर बसलेला असतो: मूठ सोडवायची, दहा-पंधरा वेळा मारायची, एअर काढायची. पण तो दट्ट्या डिझेलवरच घसरतो. डिझेलला स्वतःचा तेलकटपणा असतो, पेट्रोल असेल नसेल ते वंगण धुऊन काढतं. जीपमध्ये तो महिनोन् महिने कोरडा घासला असता. चाचांना हे फारसं रुचलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी फक्त मराठीत बोलले.

दुसरा रस्ता इलेक्ट्रिक पंपाचा. कुर्ल्यात ढिगाने मिळतात, पण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांचे: बारा व्होल्ट आणि तीन बारच्या आसपास दाब, म्हणजे चाळीस पाउंडांच्या वर. या कार्ब्युरेटरची, भांडं भरलं की पेट्रोल अडवणारी सुई दोन-चार पाउंडांच्या हिशोबाने केलेली. इंजेक्शनचा पंप लावला तर भांडं भरून पेट्रोल बाहेर, आणि बाहेर म्हणजे थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर. कमी दाबाचा सहा व्होल्टचा पंप परदेशातून मागवता येतो, पण वायर, स्विच, रिले आलंच. आप्पा म्हणाले, "डॅशबोर्डला भोक पाडायचं असेल तर आधी माझ्या डोक्याला पाड."

तिसरा उपाय मला वेसाव्याच्या किनाऱ्यावर आठवला. लहान होड्यांच्या ओबीएमना, म्हणजे मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांना, टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत रबरी फुगा असतो. नाखवा दोनचार वेळा दाबतो, फुगा कडक झाला की दोरी ओढतो. फुग्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेला उघडणारे व्हॉल्व्ह, अंगावर बाण. विजेचं काही नाही. जीपची पेट्रोल लाइन पाच षोडशांश इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. ओबीएमचे फुगेही त्याच मापात मिळतात. तो पंपाच्या आधी बसवला तरी चालतो, कारण इंजिनाच्या पंपाचे दोन्ही व्हॉल्व्हसुद्धा पुढच्याच दिशेला उघडतात. मागून ढकललेलं पेट्रोल त्यांना उघडत सरळ कार्ब्युरेटरपर्यंत जातं. वर एक फायदा: फुग्याचे व्हॉल्व्ह नळीतलं पेट्रोल मागे उतरू देत नाहीत.

ओळखीच्या नाखवांना विचारलं. त्यांनी सामान घेताना बघायच्या दोनच गोष्टी सांगितल्या. स्वस्तातला घेऊ नका, त्याचे व्हॉल्व्ह चिकटतात. आणि दाबताना फुगा उभा धरा, बाण वर. आडवा धरला की व्हॉल्व्ह धड बसत नाही, नुसती हवा मारत बसाल.

बसवणं

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उतरून गादी उचलायची. पंपावरची पोरं दर वेळी मोबाइल काढतात. टाकीतून निघालेली नळी चॅसीच्या आतल्या अंगाने पुढे जाते. तिथेच, सायलेन्सरपासून लांब, फुग्याची जागा ठरवली. जीपला दार नाही, त्यामुळे बाजूला उकिडवं बसून हात घातला की फुगा हाती येतो.

मूळ नळी कापायची नाही अशी अट होती. तिच्या मापाची नवी नळी वाकवून घेतली आणि तिचेच दोन तुकडे केले. जुनी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून आप्पांच्या माळ्यावर गेली. कापलेल्या टोकांना गोल उठाव काढून घेतला. सपाट टोकावर रबर चढवून क्लिप कितीही आवळली तरी कधी ना कधी ते निसटतं, आणि ओढीच्या बाजूला तर गळतीआधी हवा शिरते, जी दिसतच नाही. होज पाईप नागदेवी स्ट्रीटवरून आणला, आतून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, अंगावर 'आर ९' छापलेला. क्लिपही साध्या घेतल्या नाहीत. साधी जुबली क्लिप रबरात दात रुतवते. कडा वळवलेल्या, इंजेक्शनच्या नळीला वापरतात त्या घेतल्या.

होज मुद्दाम वीतभर लांब ठेवला, म्हणजे फुगा जागेवरून काढून उभा धरता येईल. चालत्या गाडीत तो लोंबू नये म्हणून दादर स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून बकलचा चामडी पट्टा शिवून घेतला. सगळ्या कामात आप्पांना सर्वात जास्त आवडला तो पट्टा. "हा मूळचा वाटतो," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. फुगा कडक झाल्यावरही हौसेने आणखी दोनदा दाबला. हाताच्या जोराने सुई उचलली गेली आणि कार्ब्युरेटरच्या पोटावरून पेट्रोलचा ओघळ मॅनिफोल्डवर आला. इंजिन थंड होतं म्हणून नुसता वास सुटला. त्या दिवसापासून सीटमागे अग्निशामक सिलिंडर आला आणि नियम झाला: फुगा कडक लागला की हात बाजूला.

दहा दिवसांनी नऊ दाब, एकदा बटण, दोन सेकंदांत इंजिन चालू. आप्पांनी वॉचमनला पेढा दिला. प्रकरण इथे मिटलं असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

लालबागचा पूल

रॅलीच्या आदल्या रविवारी पहाटे तालीम म्हणून शिवाजी पार्कहून फोर्टकडे निघालो. परळ सोडून लालबागच्या पुलावर चढलो आणि अर्ध्यावर जीप धापा टाकायला लागली. चोक ओढला तर क्षणभर उचलली, मग बंद. कडेला घेतली.

आप्पा शांत. त्यांनी सीटमागून पंचा काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पेट्रोल पंपावर पसरला. "व्हेपर लॉक," म्हणाले. "पंप तापला की पेट्रोलची वाफ होते. दहा मिनिटं थांबायचं, चालू होते. चार वर्षं हेच करतोय."

हे मला नवीन होतं. गाडी वाटेत बंद पडते हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ती तक्रार नव्हती, गाडीचा स्वभाव होता. पण पहाटेची वेळ, हवेत गारवा, जेमतेम चार-पाच किलोमीटर झालेले. एवढ्यात वाफ? उकिडवं बसून फुग्याला हात घातला. तो चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता.

होडीवर फुगा चपटा दिसला की कुठलाही नाखवा इंजिनाकडे बघत नाही, टाकीकडे बघतो. इंजिन पेट्रोल ओढतंय आणि मागून हवा येत नाहीये. आप्पांना उतरवलं, गादी उचलली आणि टाकीचं झाकण फिरवलं. 'फस्स' करून हवा आत गेली, दोन-तीन सेकंद जातच राहिली. इकडे फुगा हळूहळू गोल होत गेला. दोनदा अलगद दाबला, तापलेल्या इंजिनावर त्याहून जास्त नाही, आणि जीप चालू झाली. पंचा पंपावरच राहिला होता. तो पुढे भायखळ्याला कुठे तरी उडून गेला.

झाकण पाहिलं. दिसायला हुबेहूब मूळचं, आत सपाट पत्रा आणि रबरी वायसर. हवा घ्यायची सोयच नाही. चार वर्षांपूर्वी जुनं गंजलं म्हणून एका स्पेअरवाल्याकडून आणलेलं. पंच्याची चार वर्षं आणि झाकणाची चार वर्षं एकच.

मग जुने धागे जुळत गेले. बंद टाकीतून पेट्रोल ओढलं की आत पोकळी होते, आणि गाडी उभी केल्यावर तीच पोकळी नळीतलं पेट्रोल कमजोर व्हॉल्व्हमधून मागे खेचते. दहा मिनिटं थांबल्यावर जीप चालू व्हायची ती पंप थंड झाल्यामुळे नव्हे, तेवढ्या वेळात झाकणाच्या वायसरमधून थोडी हवा मुरायची म्हणून. उलट भर दुपारी शेडचा पत्रा तापला की टाकीत दाब वाढून पेट्रोल पुढे ढकललं जायचं, म्हणून तर दुपारी कधी कधी आवारात वास यायचा आणि सोसायटीचे सेक्रेटरी खिडकीत यायचे. एखाद्या आठवड्यानंतर जीप अचानक झटकन चालू व्हायची, त्याचाही उलगडा झाला.

माझी तपासणी कार्ब्युरेटरपासून सुरू होऊन पंपापाशी थांबली होती. आणखी दोन मीटर मागे गेलो असतो तर झाकण पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले आणि पुन्हा हिंदीवर आले.

नव्या झाकणाला भोक पाडून भागेल, असं एकाने सुचवलं. टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असताना उघडं भोक पाडायचं नाही; गचका बसला की पेट्रोल उसळून गादीत. आप्पा काहीच टाकून देत नाहीत हे तेव्हा कामी आलं. जुनं झाकण खिळ्यांच्या डब्यात सापडलं. गंज वरवरचाच होता. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवलं, आतली बारीक झडप मोकळी केली, तोंडाने ओढून हवा जाते याची खात्री केली, नवा वायसर घातला.

आता फुग्याची गरज उरली का, हा प्रश्न रास्त होता. दोनदा मोजून पाहिलं. दहा दिवस उभी, फुग्याला हात न लावता: बारा सेकंद सेल्फ. दहा दिवस उभी, फुगा दाबून: दोन सेकंद. भांड्यातलं पेट्रोल उडायचं ते उडतंच, आणि बारा व्होल्टची गाडी असती तर बारा सेकंदांसाठी मी एवढा उद्योग केला नसता. सहा व्होल्टवर फुगा ठेवला.

रॅलीत जीप हॉर्निमन सर्कलला धक्क्याविना चालू झाली. आप्पांनी चार लोकांसमोर उकिडवं बसून फुगा दाबला. एकाने "हे काय, बीपी बघताय का गाडीचं?" म्हणून विचारलं, तेव्हापासून त्याचं नाव बीपी मशीन पडलं.

या पावसाळ्यानंतर पाहिलं तर फुग्याच्या मानेशी, रबर वाकतं तिथे, बारीक भेगा दिसायला लागल्या आहेत. गळत नाही अजून. नवा आणून ठेवलाय. दिवाळीनंतरच्या रविवारी बदलायचा, आणि आप्पांनी बजावलंय की पट्टा तोच राहील.